थकलेल्याचा आक्षेप

३ फेब्रुवारी

चि. छोटीस अ. उ. आ.

भाईला इस्पितळातून घरी आणल्यापासून पत्राला बसेन बसेन म्हणते, आज जमलं. फोनवर मी तुटक बोलते म्हणून तू फुगली आहेस, हे तुझ्या आवाजावरून कळतं. पण काय करू? फोन घेऊन गॅलरीत गेले की आतून काठी आपटल्याचा आवाज येतो. माझ्या या भावाला, तुझ्या अब्बांना, बोलता येत नाही, ऐकू मात्र सगळं येतं, आणि दबक्या आवाजात बोललेलं जरा जास्तच येतं. कागदाचं बरं असतं, तो आवाज करत नाही.

उजवा हात आणि पाय अजून ऐकत नाहीत. काठी घेऊन आणि माझ्या खांद्यावर भार टाकून तो न्हाणीघरापर्यंत जातो. बोलण्याचा व्यायाम घ्यायला एक बाई येतात. चांगल्या आहेत, पण त्याला फळांची चित्रं दाखवतात, आणि तो त्यांच्याकडे असा बघतो की त्याच बिचाऱ्या ओशाळतात. शब्द सगळे गेले, एकच उरला. कोणता असेल सांग बघू. ‘उलट’. चहा हवा का विचारलं तर उलट. उशी काढू का, तर उलट. परवा डॉक्टरांनी आता बरं वाटतंय ना म्हणून विचारलं, तेव्हाही उलट, आणि तेवढं एक मला अगदी बरोबर वाटलं. आयुष्यभर व्याख्यानात कुणी प्रश्न विचारला की त्याचं उत्तर याच शब्दाने सुरू व्हायचं. पुढचं सगळं वाहून गेलं आणि सुरुवात तेवढी अडकून राहिली. पहिल्या दिवशी मी हसले, मग मोरीत जाऊन रडले, मग चादरी भिजत घातल्या.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. भाईच्या लिहिण्याची पद्धत तुला ठाऊक आहे, पण तू घर सोडलंस तेव्हा तुझं सगळं लक्ष लिफ्टच्या तारांत आणि कप्प्यांत होतं, म्हणून पुन्हा सांगते. प्रश्न कुठलाही असो, तो आधी विरोधकाची बाजू मांडणार. अर्धीमुर्धी नाही, विरोधकालाही सुचली नसती इतकी भक्कम. तो खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालणार आणि मी लघुलिपीत उतरवून घेणार. मग शुक्रवारी दुपारी आपले दातांचे डॉक्टर येणार, ज्यांना तू लहानपणी ‘विरोधी पक्ष’ असं नाव ठेवलंस आणि ज्यांनी ते आनंदाने लावून घेतलं. देव नाही यावर त्यांची जितकी निष्ठा आहे तितकी पुष्कळांची तो आहे यावर नसते. त्यांना तो आक्षेप वाचून दाखवायचा. मी स्वतः याहून चांगलं मांडलं नसतं, असं ते म्हणाले की मगच भाई आपलं उत्तर सांगायला घेणार. तोवर नाही.

या पुस्तकाचा शेवटचा आक्षेप त्याने मला सांगितला, मी टाइप केला आणि नेहमीप्रमाणे प्रकाशकांकडे एक प्रत गेली. शुक्रवारचं वाचन आणि उत्तर व्हायच्या आतच तो बेसिनपाशी कोसळला. प्रकाशकांकडे नवे संपादक आले आहेत. त्यांनी ती पानं उचलून त्यांच्या मासिकात छापली, वर भाईचा जुना फोटो, आणि शीर्षक काय, तर ‘एका तत्त्वज्ञाचं अखेरचं चिंतन’. ही विरोधकाची बाजू आहे, असं एका अक्षराने कुठे म्हटलेलं नाही. आता ते म्हणतात, आम्हाला कल्पना नव्हती.

झालं. ज्यांनी जन्मात त्याचं पान वाचलं नाही त्यांनी ही अडीच पानं वाचली. म्हातारपणी ह्यांची श्रद्धा गेली म्हणतात. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तर मला ऐकू जाईल अशा बेताने, वाचा उगीच गेली नाही, असंही म्हणून घेतलं. मौलाना स्वतः येऊन गेले. ते भाईचेच विद्यार्थी, माणूस सरळ आहे. त्यांनी खाली मान घालून विचारलं की उत्तराचं प्रकरण असेल तर द्या, मी शुक्रवारी सगळ्यांपुढे वाचेन. मी म्हटलं, शोधते. शोधायचं काय? नाही ते नाही.

छोटी, त्याचं पहिलं पुस्तक कशावर होतं? कोर्टात मी साक्षी उतरवून घ्यायचे. ऐकीव पुरावा चालत नाही, हे वाक्य मी घरी आणलं आणि त्याने ते थेट कलम्यातल्या ‘मी साक्ष देतो’पर्यंत नेलं. श्रद्धा ही साक्ष आहे, म्हणून ती ऐकून दिलेली चालणार नाही, प्रत्येकाने आपल्या अकलेने तिथवर चालत जायला हवं. त्यासाठी त्याची कॉलेजची खुर्ची गेली, विद्यार्थी घरी यायला लागले, जिन्यात चपलांचा ढीग पडायला लागला. एवढं सगळं करून शेवटी त्याच्याविषयी लोक म्हणणार की हा साक्ष फिरवून गेला. मला हे सोसवत नाही.

माझं विचारशील तर बरी आहे, पण दमले आहे. काय करू ते लवकर कळव. लोभ आहेच, तो उत्तरातून दिसू दे.

तुझी
फुफी

११ फेब्रुवारी

ती. फुफीस सा. सलाम वि. वि.

पत्र कामावरून आल्यावर वाचलं, हात धुवायचेही राहिले, म्हणून कडेला ग्रीसचा डाग दिसला तर समजून घे. सध्या एका जुन्या इस्पितळाच्या सहा लिफ्ट तपासते आहे. चालवणारे म्हणतात सगळं ठीक आहे, आणि त्या ठीक असलेल्या लिफ्टमधून मी आज दोन मजल्यांच्या मध्ये पाऊण तास लटकत होते. वेळ जावा म्हणून ‘उलट’ची गोष्ट आठवून एकटीच हसत बसले. मग अब्बांचा चेहरा आठवला आणि हसू गेलं.

फुगले वगैरे काही नव्हते. अपराध्यासारखं वाटतं, म्हणून आवाज तसा येतो. तू तिथे एकटी ओढते आहेस आणि मी इथे दुसऱ्यांची वजनं मोजते आहे. रजेचा अर्ज टाकला आहे. साहेबांनी वाचला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. ड्रॉवर म्हणजे नकार की विचार, हे आमच्यात कुणालाच ठाऊक नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं. मी रागावून सांगत नाही, नीट विचार करून सांगते. उत्तर तू लिही. अब्बांचं प्रत्येक पुस्तक तुझ्या हातातून गेलं आहे. कुठे ते थांबतात, कुठे खिडकीशी जाऊन गप्प राहतात, कुठे त्यांना स्वतःचंच पटत नाही म्हणून ते आवाज चढवतात, हे तुला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे. अम्मी म्हणायची की हे घर दोन डोक्यांचं आहे, एक बोलतं आणि एक लिहितं. तू दोन पानं लिहिलीस तर ती कुणाची हे अल्लालाच कळेल, आणि तो कुणाला सांगायला जायचा नाही.

तू म्हणशील की ही खोटी साक्ष झाली. कोर्टात आयुष्य गेलेल्या बाईला मी हे सुचवते आहे, तेव्हा माझी लायकी मला कळते. पण लिहून झाल्यावर ते अब्बांना वाचून दाखव. त्यांना ऐकू येतं, कळतं. त्यांनी मान डोलावली तर ते त्यांचंच झालं. मौलानांना द्यायला काहीतरी होईल, आणि खालच्या मजल्याचं तोंड बंद होईल. अब्बांना हे असं लागू देऊ नकोस, फुफी. त्यांना कॉलेजातून काढलं त्या वर्षी ते बाजारात आपली पिशवी घेऊन मान वर करून कसे जायचे, ते मी बघितलं आहे. त्यांनी सगळं सोसलं, कारण आपलं म्हणणं काय आहे ते त्यांना सांगता येत होतं. आता तेवढंच येत नाही.

मासिक इथे मिळालं नाही. ती पानं मला पाठव. आक्षेप काय आहे हे माहीत नसताना मी सल्ले देते आहे, हे अब्बांनी ऐकलं असतं तर जेवण संपेपर्यंत माझी उलटतपासणी चालली असती.

आणि दमले आहेस तर दुपारी दार लावून झोप. कुणी मेलं तरी उठू नकोस. लोभ मागून मिळत असेल तर जास्तीचा मागते.

तुझी
छोटी

२० फेब्रुवारी

चि. छोटीस अ. उ. आ.

दार लावून झोप म्हणतेस. दार लावलं तर काठी कोण ऐकणार? पण सांगितलंस ते बरं वाटलं.

तू म्हणालीस तसं केलं. भाई दुपारी पडला की मी त्याच्या टेबलाशी बसायचे. पहिली दुपार तर नुसता कागद सरळ करण्यात गेली. मग सुरुवात केली आणि, खरं सांगते, भराभर सुचत गेलं. त्याची वळणं माझ्या बोटांत बसलेली आहेत. पहिला शब्द अर्थात ‘उलट’. मग विरोधकाचे आभार, मग त्याच्या म्हणण्यात खरं किती ते मान्य करणं, मग हळूच त्याची खुर्ची ओढून घेणं. थकवा हीसुद्धा एक पायरी आहे, थकलेल्याची श्रद्धा जास्त मोलाची, असं काहीतरी मी छान फिरवून लिहिलं. वाचताना मलाच वाटलं की हा भाई बोलतो आहे.

त्याला वाचून दाखवलं. तो डोळे मिटून ऐकत होता. अर्ध्यावर आल्यावर त्याने डोळे उघडले, डावा हात पुढे केला आणि पंजा सरळ कागदावर ठेवला, मी पुढे वाचू नये म्हणून. मी विचारलं, कच्चं आहे का? तो काही बोलला नाही, ‘उलट’ देखील नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. झटक्यानंतर असं डोळ्यांत पाणी उगीचही येतं असं डॉक्टर सांगतात, म्हणून मी ते पुसलं आणि त्याला औषध दिलं.

शुक्रवारी विरोधी पक्ष आले. भाई पडल्यापासून ते बोलत नाहीत, नुसते बसतात आणि त्याची नखं कापून देतात. माझ्या मनात आलं, सगळं रीतीने होऊ दे. आधी आक्षेप त्यांना वाचून दाखवू, ते हो म्हणाले तर पुढचं बघू. त्यांनी सबंध ऐकला, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले की हा आक्षेप आपला नाही. मला वाटलं, दमले असतील, ऐकण्यात काही सुटलं असेल. तर म्हणे, आपण देव नाही म्हणतो. हा जो कोणी माणूस आहे तो देव आहे म्हणतो, फक्त त्याच्यापर्यंत जायचं बळ नाही म्हणतो. आणि शेवटी म्हणाले की एवढा दमलेला मी आयुष्यात कधी नव्हतो. मग चहा न घेता गेले. चहा न घेता गेले, छोटी. असं आजवर झालेलं नाही.

तेव्हा आता विरोधक कोण, तेच कळेनासं झालं आहे. जुने विद्यार्थी आठवून पाहिले. एक इंजिनिअर होता, पण तो तर भांडून भांडून भाईलाच दमवायचा. ज्याचा आक्षेप त्याला वाचून दाखवल्याशिवाय उत्तर नाही, हा भाईचा नियम. तो मोडून मी लिहिलं, म्हणून त्याने हात ठेवला असेल, अशी मी मनाची समजूत घातली आहे. मौलानांना अजून काही दिलेलं नाही. ते रस्त्यात भेटले की मीच पलीकडच्या बाजूने जाते.

पानं सोबत आहेत. मधला भाग मी मुद्दाम इथेही उतरवते, कारण टाइप पुसट आलं आहे.

‘तुम्ही म्हणता, श्रद्धा म्हणजे विचार करून दिलेली साक्ष. मान्य. पण विचाराला सवड लागते, आणि ती सवड कुणीतरी दुसऱ्याने आपल्या अंगावर ओढून घेतलेल्या कामातून येते. त्या दुसऱ्याचं काय? तो पहाटेपासून उभा आहे. नमाजला उभा राहतो तेव्हा त्याचा एक कान आजाऱ्याच्या खोकल्याकडे असतो. कपाळ जमिनीला टेकतं तेव्हा ती दिवसभरातली त्याची पहिली विश्रांती असते, आणि त्याला तिथेच झोप लागते. तुमच्या मापाने त्याची साक्ष ऐकीवच, कारण तपासून बघायला तो कधी बसलाच नाही. तर मग तुमचा देव फक्त सवड असलेल्यांना भेटतो का? आणि ज्याच्या जिवावर तुम्हाला तो भेटला, त्याला तुम्ही कोणत्या तोंडाने सांगणार की तुझं पुरेसं नाही?’

किती सुरेख मांडलं आहे बघ. मी घेताना यातलं काहीच ऐकलं नव्हतं. कोर्टातली सवय. कान ऐकतो, हात लिहितो, डोकं स्वयंपाकघरात. तिथे खुनाच्या साक्षी अशाच घेतल्या, नाहीतर घरी येऊन जेवण गेलं नसतं.

ही व्यक्ती कोण ते तुला सुचलं तर कळव. पाय सुजतात संध्याकाळी, बाकी ठीक. लोभात खंड नको.

तुझी
फुफी

१ मार्च

ती. फुफीस सा. सलाम वि. वि.

पानं दोनदा वाचली. मग कामावर गेले आणि माझं कशातच लक्ष लागेना, म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी येऊन हे लिहिते आहे.

फुफी, तू काय खरंच ओळखलं नाहीस? सगळी दुनिया शोधलीस, दातांच्या डॉक्टरांपासून इंजिनिअरपर्यंत. हा विरोधक तू आहेस.

थांब, पत्र बाजूला ठेवू नकोस. अम्मीच्या आजारपणाचं शेवटचं वर्ष आठव. तू कोर्टातून यायचीस, पर्स खुंटीला अडकवायचीस आणि थेट अम्मीच्या खोलीत. मग स्वयंपाक, मग माझा अभ्यास, मग अब्बांचं लिहून घेणं. एका संध्याकाळी मला गणित अडलं म्हणून मी तुला शोधत आतल्या खोलीत आले, तर तू सजद्यात होतीस. मी थांबले. तू उठेचना. मी जवळ जाऊन बघितलं, तुला झोप लागली होती, कपाळ तसंच खाली टेकलेलं, बारीक घोरत होतीस. मी तुला हलवायला हात पुढे केला तर मागून अब्बांनी तो धरला. ते दाराशी कधीपासून उभे होते कोण जाणे. त्यांनी मला बाहेर नेलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “तिला उठवू नकोस. तिची नमाज चालू आहे.”

त्यांचा चेहरा कसा झाला होता ते मला आजही सांगता येणार नाही. मी लहान होते, मला वाटलं ते रागावले. मग त्यांनी मला माझं गणित समजावलं, चुकीचं समजावलं, आणि दुसऱ्या दिवशी माझं उत्तर चुकलं.

इतकी वर्षं त्यांनी ते मनात ठेवलं असणार. ऐकीव साक्ष चालत नाही असं ते सगळीकडे सांगत फिरले, आणि घरात आपल्या बहिणीला तसं बघून आले. ते पुस्तकाच्या शेवटी आणलं, तेही तुझ्याच हातून लिहून घेतलं, कारण तोंडावर बोलायची आपल्या घरात कुणाला सवय नाही. तू लिहिलेलं उत्तर वाचत होतीस तेव्हा त्यांनी हात का ठेवला, ते आता मला कळतं. थकवा ही पायरी आहे म्हणून तूच तुला समजावत होतीस. ते त्यांना ऐकवत नसणार. आणि ते डोळ्यांतलं पाणी झटक्याचं नव्हतं, हे डॉक्टरांना सांग.

मला तर वाटतं त्यांचं उत्तरही तेच होतं, जे त्यांनी मला सांगितलं. तिची नमाज चालू आहे. एवढ्या एका वाक्यासाठी ते खिडकीपासून दारापर्यंत चालून चालून वीस पानं करणार होते. तू ते मौलानांना दे. ही ऐकीव नाही, माझ्या कानांनी ऐकलेली साक्ष आहे, हवं तर मी येऊन शपथेवर सांगते.

येऊन म्हणजे खरंच येऊन. साहेबांनी ड्रॉवर उघडला. लिफ्टमध्ये एक पाटी असते, इतकी माणसं, इतकं वजन, त्यापुढे नाही. घरात तशी पाटी लावत नाहीत, म्हणून मलाही दिसलं नाही. पंधरा तारखेला पोचते, आणि मी तिथे असेन तेवढे दिवस तू इथे माझ्या घरी येऊन राहायचंस. किल्ली शेजारी ठेवली आहे. नाही म्हणायचं नाही. लोभाचं नंतर बघू, आधी सामान भर.

तुझी
छोटी

९ मार्च

चि. छोटीस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा मला राग आला. तुझा नाही, त्याचा.

तू सांगितलंस ती संध्याकाळ मला आठवते. मी झोपले होते हे कुणाला ठाऊक नाही, असंच मी इतकी वर्षं धरून चालले. शरमेने ती नमाज मी पुन्हा पढले. तू म्हणतेस तो दाराशी उभा होता, त्याने तुला उठवू दिलं नाही, काय सुंदर बोलला. सगळं खरं असेल. पण मला जे आठवतं ते सांगते. मी उठून स्वयंपाकघरात गेले तेव्हा भाभीसाठी ठेवलेलं दूध सगळं उतू गेलेलं होतं, पातेलं करपलं होतं, आणि ओटा पुसत पुसत मी भाभीला सांगितलं की आज दूध उशिरा मिळेल. तो दाराशी उभा होता ना? वास त्यालाही आलाच असेल. त्याला माझी नमाज दिसली आणि दूध दिसलं नाही. तुला ते वाक्य उत्तर वाटतं. वाक्य चांगलं आहे, मी ते वाचून रडलेही. पण ते ऐकून माझे पाय दुखायचे थांबले नाहीत.

तरी नियम तो नियम. आक्षेप माझा असेल तर तो मला वाचून दाखवायला हवा, आणि त्यावर मी बोलायला हवं. काल शुक्रवार होता. विरोधी पक्ष आल्यावर मी पानं त्यांच्या हातात दिली आणि वाचा म्हटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्या खोलीत काही न लिहिता बसले. भाई खुर्चीत होता. त्यांनी वाचलं, मी ऐकलं, या खेपेला खरोखर ऐकलं. सगळं माझंच होतं. मी कधी कुणाला बोलले नव्हते ते सगळं.

वाचून झाल्यावर डॉक्टरांनी रीतीप्रमाणे विचारलं, याहून चांगलं मांडता आलं असतं का? मी म्हटलं, “हो. कच्चं आहे.”

भाईने मान वर केली. मी डॉक्टरांना पेन घ्यायला सांगितलं. बसून मला सांगता येईना, म्हणून उठले, आणि दोन वाक्यं होईपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही की मी खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालते आहे. दुधाचं सांगितलं. माझ्या झोपेवर तुम्ही विचार केलात आणि दूध मात्र मी पुसलं, असं घातलं. थकलेल्याची नमाज तुम्हाला सुंदर दिसते, कारण तुम्ही ती दारात उभं राहून बघता, असंही घातलं. तुझं वाक्यही घातलं, त्याच्या नावाने, कारण ते त्याचं आहे आणि कुणाचं खोडून टाकायची मला सवय नाही. आणि शेवटी, मी देवाकडे पाठ फिरवलेली नाही, मी फक्त उभी राहून राहून दमले आहे, त्याला माझं म्हणणं पोचत असेल तर तोच ठरवेल की साक्ष धरायची की नाही. डॉक्टरांचं अक्षर भयंकर आहे, पण शब्द एकही गाळला नाही. लिहून झाल्यावर म्हणाले की आता पुरा झाला.

मौलानांना मी आज सगळं सांगितलं आहे. आक्षेप भाईचा नाही, माझा आहे, आणि पुस्तकात तो माझ्या नावाने, मी वाढवला तसा, उत्तराशिवाय जाईल. प्रकाशकांनाही तसंच कळवलं. मौलाना म्हणाले की शुक्रवारी हे असं सांगायचं तर लोक तुमच्याविषयी बोलतील. मी म्हटलं, बोलू देत, भाईविषयी थांबतील ना. त्यांनी विचारलं, दुखत नाही का? मी म्हटलं, दुखतं, पण खोटं काही नाही त्यात.

कालचं एक सांगायचं राहिलं. आक्षेप पुरा झाला तेव्हा मी भाईपुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, आता तुझी पाळी. त्याने काठी घेतली आणि तो उठायला लागला. मी धरायला गेले तर त्याने माझा हात बाजूला केला. डॉक्टरांनाही हात लावू दिला नाही. एवढा वेळ लागला, एवढा वेळ लागला, पण भिंतीला धरून धरून तो खोलीबाहेर गेला. मला वाटलं, मी फार बोलले, दुखावला. मी त्याच्या खुर्चीत बसले आणि बसल्या बसल्या माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा अंगावर शाल होती, ती डॉक्टरांनी घातली म्हणे. घर अगदी शांत. मी घाबरून स्वयंपाकघरात धावले. भाई ओट्यापुढे स्टुलावर बसला होता. दूध ठेवायची वेळ झाली होती, त्याने आपल्या हाताने पातेलं गॅसवर चढवलं होतं, आणि डावा हात गॅसच्या बटणावर ठेवून तो त्या दुधाकडे बघत होता, जसा पूर्वी एखाद्या अवघड प्रश्नाकडे बघायचा तसा. डॉक्टर दाराशी उभे होते. त्यांनी मला खुणेने आत येऊ नका म्हणून सांगितलं. दूध वर आलं. त्याने बटण फिरवलं, पण डाव्या हाताने उलट्या बाजूला फिरवलं, आणि ते थोडं उतू गेलंच. मग बंद केलं. मग त्याने समोरचं फडकं ओढलं आणि ओटा पुसायला लागला. नीट जमत नव्हतं. सगळीकडे पसरत होतं.

माझे हात तिकडे जायला शिवशिवत होते, छोटी. पण मी गेले नाही. खोलीत परत आले आणि झोपले.

सामान भरलं आहे. लोभ पुरून उरला आहे, तो येताना घेऊन ये.

तुझी
फुफी